आरव्हीचा हीटर: नासका वास, गळका व्हॉल्व आणि कोमट पाणी

मेमोरियल डे (अमेरिकेत मे महिन्याचा शेवटचा सोमवार) जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांत निम्मे तरी आरव्हीतल्या (म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीतल्या किंवा ट्रेलरमधल्या) पाणी तापवायच्या हीटरचे असतात. हिवाळाभर झाकून ठेवलेला ट्रेलर बाहेर निघतो, पाणी भरलं जातं, नळ सोडला की कुणाला वास, कुणाला गारठा, कुणाच्या ट्रेलरच्या कडेने टपटप. यावेळी निवडक घेतलेत, आणि बऱ्याच जणांनी एकच विचारलंय ते एकत्र केलंय. एक विनंती, फोटो पाठवताना हीटरच्या बाहेरच्या दारामागे मॉडेलचं स्टिकर असतं त्याचाही फोटो काढत जा, ते दिसल्याशिवाय निम्मी उत्तरं अंदाजपंचे होतात.

प्रश्न: काका नमस्कार, आम्ही मागच्या वर्षी सेकंडहँड ट्रेलर घेतला, हीटर सबर्बन कंपनीचा, ६ गॅलनचा आहे. गरम पाण्याला नासक्या अंड्यांचा इतका वास येतो की सासूबाई म्हणाल्या मी या पाण्याने तोंडसुद्धा धुणार नाही. गार पाण्याला काही नाही. आमचे हे म्हणतात कॅम्पग्राउंडचं पाणीच खराब. खरं काय? (फ्रिस्को, टेक्सास)

उत्तर: ताई, तुमचे हे म्हणतात ते निम्मं बरोबर आहे. बऱ्याच कॅम्पग्राउंडला विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असतं, त्यात सल्फेट असतं, आणि त्या सल्फेटवर जगणारे जिवाणू असतात ज्यांना हवा नको आणि साचलेलं कोमट पाणी हवं. हीटर बंद करून ट्रेलर दोन-चार आठवडे उन्हात उभा राहिला की ती टाकी म्हणजे त्यांचं माहेर. त्यात तुमच्या टाकीत मॅग्नेशियमचा रॉड आहे, तो झिजताना जी रासायनिक क्रिया होते तिनं या मंडळींना आणखी बळ मिळतं, आणि तयार होतो हायड्रोजन सल्फाइड, तोच हा वास. गार पाणी या टाकीतून जातच नाही म्हणून त्याला वास नाही.

रॉड काढून टाकू का असं पुढे विचाराल म्हणून आधीच सांगतो, नको. सबर्बनची टाकी लोखंडी, आतून पोर्सेलिनचा मुलामा. मुलाम्याला कुठेतरी बारीक फट असतेच, तिथून गंज लागायला सुरुवात होते, तर त्या लोखंडाच्या आधी स्वतः झिजायचं एवढंच या रॉडचं काम. तो नसेल तर टाकीच झिजते, आणि कंपनीची वॉरंटीही जाते. तुमचा ट्रेलर जुना, आधीच्या मालकाने रॉड कधी बघितलाय का देव जाणे, तेव्हा उघडाच.

उघडताना घाई नको. वीज आणि गॅस दोन्ही बंद, पाणी पूर्ण गार होऊ द्या, म्हणजे रात्री बंद करून सकाळी काम. मग पंप बंद, बाहेरचा पाण्याचा पाइप काढा, ट्रेलरमधला गरम नळ उघडा आणि वरच्या सेफ्टी व्हॉल्वची दांडी उचलून आतला दाब सोडा. हे न करता प्लग फिरवला तर शेवटच्या आट्याला तो बंदुकीतून सुटल्यासारखा येतो आणि मागून कढत पाणी. खाली मधोमध मोठा बोल्ट दिसतो, तोच पाणी काढायचा प्लग आणि त्यालाच आत रॉड जोडलेला. त्याला एक पूर्णांक एक सोळांश इंची सॉकेट लागतं, २७ मिलिमीटरचंही चालतं, दांडा लांब घ्या, बरेचदा घट्ट बसलेला असतो. नवा रॉड अंगठ्याएवढा जाड असतो. जुना बाहेर आला की तो खड्डेखड्डे पडलेला, कुठे निम्मा, कुठे आतली पातळ तार उघडी पडलेली असा दिसेल. पाऊण झिजला असेल तर बदला. तार उघडी पडलेली दिसली तर वाट बघायचं कारणच नाही.

रॉड निघालाय तोवर टाकी धुऊन घ्या. बागेच्या पाइपला लावायची बारीक वाकडी नळी मिळते, ती भोकातून आत घालून फिरवा, पांढऱ्या क्षाराच्या खपल्या पडायला लागतील, पाणी स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवा. टेक्सासचं पाणी जड, तुमच्याकडे खपल्या बऱ्याच पडतील. नव्या रॉडच्या आट्यांना टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे द्या, आधी हाताने फिरवा, सरळ बसला की मगच पाना.

मग वासाचा बंदोबस्त. पाण्याच्या मोठ्या टाकीत दर १५ गॅलनला पाव कप साधं, सुगंध नसलेलं ब्लीच (सरळ ओतू नका, बादलीत पाण्यात मिसळून), फिल्टरची कार्ट्रिज आधी काढून ठेवा, आणि हीटर बंद ठेवून एकेक गरम नळ सोडा, क्लोरिनचा वास आला की बंद करा. रात्रभर राहू द्या, सकाळी सगळं काढून दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुवा. काही जण व्हिनेगर वापरतात, तेही क्षारासाठी चांगलं, पण ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र नाही, त्यातून क्लोरिन वायू सुटतो. आज एक आणि उद्या दुसरं करणार असाल तर मध्ये टाकी नीट धुवा. एवढं करूनही दर उन्हाळ्यात वास परत येत असेल तर ॲल्युमिनियम-झिंकचा रॉड मिळतो, त्यानं वास कमी होतो.

प्रश्न: माझ्या हीटरमध्ये रॉडच सापडत नाहीये, खाली नुसता प्लॅस्टिकचा प्लग आहे. दुकानातल्या माणसाने रॉड विकला पण तो बसत नाही. (ॲशबर्न, व्हर्जिनिया)

उत्तर: बसत नाही ते बरंच झालं, परत करा. तुमचा हीटर ॲटवूडचा दिसतोय (ही कंपनी आता डोमेटिककडे आहे), त्याची टाकी ॲल्युमिनियमची, तिला रॉड लागत नाही. प्लग नायलॉनचा आणि छोटा, अर्ध्या इंची आट्यांचा. तो मुद्दामच मऊ ठेवलाय, म्हणजे जास्त आवळला तर प्लगचे आटे जातात, टाकीचे नाही. पितळेचा घालू नका, जरा जास्त टिकेल म्हणून. एखादा जादा प्लग हत्यारांच्या डब्यात टाकून ठेवा, पैसे फार नाहीत आणि नेमका जंगलात आटे गेले तर पंचाईत. धुवायचं काम मात्र यालाही आहे, वर्षातून एकदा तरी.

प्रश्न: विजेवर पाणी तापत नाही, गॅसवर छान तापतं. एप्रिलमध्ये पहिल्यांदा ट्रेलर उघडला, वीज जोडली, हीटर चालू करून झोपलो, सकाळी पाणी गार. नंतर लक्षात आलं की बायपास (पाण्याला हीटर टाळून नेणारा व्हॉल्व) हिवाळ्याचाच राहिला होता, तो फिरवला, पण विजेवर अजून गारच. ब्रेकर ठीक आहे. (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: दादा, तुमच्या पत्रातच उत्तर आहे, पण आधी दोन सोप्या गोष्टी बघून टाकू. सबर्बनला बाहेरच्या दाराच्या आत खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटा काळा खटका असतो, तो आणि आतला भिंतीवरचा, दोन्ही चालू लागतात. बाहेरचा चुकून लागू नये म्हणून त्यात कधी कधी पिन अडकवलेली असते. दुसरं, तिथंच काळ्या रबरी झाकणाखाली दोन रीसेट बटणं असतात, ती दाबा, टिक् असा आवाज आला तर ते उडालं होतं. वरचेवर उडत असेल तर थर्मोस्टॅट गेलाय.

आता खरा संशय. हिवाळ्यात बायपास फिरवलेला असतो तेव्हा गार पाणी हीटरला वळसा घालून थेट गरम पाण्याच्या पाइपात जातं. म्हणजे तुम्हाला गरम नळातून पाणी येताना दिसतं, तुम्हाला वाटतं टाकी भरली, आणि टाकी असते ठणठणीत कोरडी. त्यात विजेचं एलिमेंट चालू झालं की ते पाण्याशिवाय मिनिटभरही तग धरत नाही, जळतं. रात्रभर चालू होतं म्हणता, तर ते पहिल्या मिनिटातच गेलं आणि उरलेली रात्र तुम्ही गरम पाण्याची वाट बघत झोपलात. थर्मोस्टॅटला काही कळत नाही, ब्रेकर पडत नाही.

खात्री करायची असेल तर ट्रेलरची मुख्य वायरच कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबावरून काढा, एलिमेंटच्या दोन्ही तारा सोडवा आणि मल्टीमीटरने रोध मोजा. १४४० वॅटचं, १२० व्होल्टचं एलिमेंट, म्हणजे साधारण १० ओहम यायला हवेत. काटा हललाच नाही किंवा डिजिटलवर उघडं सर्किट दाखवलं तर जळलंय. नवं घेताना वॅट आणि व्होल्ट तेच घ्या. घरच्या हीटरचं २४० व्होल्टचं तसंच दिसतं, आट्यांत बसतंही, पण चालणार नाही. काढायला दीड इंची पातळ सॉकेट हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतं, आणि काढण्याआधी टाकी रिकामी, हे सांगायला नको पण सांगतो. सबर्बनमध्ये हे काम बाहेरच्या दारातूनच होतं, ॲटवूडमध्ये एलिमेंट मागे, म्हणजे ट्रेलरच्या आत पलंगाखाली किंवा कपाटामागे, तिथं हात पोहोचेपर्यंत कंबर धरते.

पुढच्या वर्षीसाठी, हीटर लावण्याआधी गरम नळ उघडा आणि फुसफुस थांबून एकसारखी धार येईपर्यंत थांबा, मग बाहेर जाऊन सेफ्टी व्हॉल्वची दांडी उचलून बघा, तिथून पाणी आलं तर टाकी भरलेली. घरात पोरं असतील तर त्या खटक्यावर सरळ चिकटपट्टी लावून ठेवा आणि वर लिहा, आधी पाणी बघ.

प्रश्न: हीटर तापला की बाहेरच्या व्हॉल्वमधून पाणी ठिबकतं. शेजारच्या ट्रेलरवाल्याने व्हॉल्व बदलायला सांगितला, बदलला, तरी ठिबकतंय. (नेपरव्हिल, इलिनॉय)

उत्तर: हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की शेजारचे ट्रेलरवाले सगळीकडे एकच सल्ला देतात असं दिसतं. व्हॉल्व बहुतेक वेळा चांगलाच असतो. पाणी तापलं की फुगतं, १५ अंश सेल्सिअसचं पाणी ६० पर्यंत नेलं तर साधारण दीड टक्का. ६ गॅलन म्हणजे जवळजवळ २३ लिटर, म्हणजे एक तृतीयांश लिटर पाणी जास्त झालं, ते जाणार कुठं? पाणी मागे फिरू नये म्हणून पाइपात एकदिशा व्हॉल्व असतात. म्हणून टाकीत वरती थोडी हवा ठेवलेली असते, फुगलेलं पाणी त्या हवेला दाबतं आणि भागतं. ही हवा हळूहळू पाण्यात विरघळून संपते, मग फुगायला जागा उरत नाही, दाब १५० पीएसआयला (पौंड प्रति चौरस इंच) पोहोचला की व्हॉल्व थोडं पाणी सोडतो. तो त्याचं काम करतोय.

हवा परत कशी आणायची? हीटर बंद, पाणी गार होऊ द्या, पंप आणि बाहेरचं पाणी बंद, ट्रेलरमधला एक गरम नळ उघडा, मग बाहेर व्हॉल्वची दांडी आडवी करून धरा, पाणी वाहायचं थांबेपर्यंत. थांबलं की दांडी सोडा, ती खटकन् बसली पाहिजे, नळ बंद करा, पाणी चालू. झालं. सीझनमध्ये एक-दोनदा करावं लागतं. गार असतानाही ठिबकत असेल तर मात्र आत क्षाराचा कण अडकलाय किंवा व्हॉल्व गेलाय, दोन-तीनदा दांडी उचलून सोडून बघा, नाहीतर बदला. आणि कॅम्पग्राउंडच्या नळाला दाब कमी करायचं रेग्युलेटर लावता ना? ४५-५० पीएसआय पुरे.

एका वाचकाने त्या व्हॉल्वच्या तोंडाला बूच मारलेला फोटो पाठवलाय, ठिबकणं थांबलं म्हणून खूशही आहेत. भाऊ, आज, आत्ता काढा. दाब किंवा तापमान हाताबाहेर गेलं तर बाहेर पडायला तेवढीच एक वाट आहे. ती बंद केली तर टाकी फुटते.

प्रश्न: हीटर बरोबर चालतो, टाकीतलं पाणी कढत आहे, पण शॉवरला कोमटच येतं. (फ्रिमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर: बाहेरचा शॉवर बघा, पाय धुवायला भिंतीत असतो तो. पोरांनी त्याच्या हँडलचं बटण बंद केलं असेल पण गरम-गार दोन्ही चाव्या उघड्या राहिल्या असतील, मग गार पाणी तिथून गरम पाइपात शिरतं आणि सगळीकडे मिसळतं. दोन्ही चाव्या बंद करा. तरीही कोमटच असेल तर बायपास अर्धवट फिरलाय. मेकॅनिकला बोलावण्याआधी एवढं बघाच, त्याचे तासाचे पैसे फार होतात.

प्रश्न: भारतातून आई-बाबा आलेत, आम्ही चौघं, ६ गॅलनमध्ये सगळ्यांच्या अंघोळी कशा होणार? (शार्लट, नॉर्थ कॅरोलिना)

उत्तर: आई-बाबांना बादली आणि तांब्या द्या, प्रश्नच मिटला, खरंच सांगतो. टाकीतलं पाणी ५५-६० अंशांचं असतं, त्यात गार मिसळलं की दोन बादल्या आरामात होतात, शॉवरखाली तेवढंच पाणी काही मिनिटांत संपतं. बाकीच्यांनी अंग भिजवलं की शॉवर बंद, साबण, मग परत चालू. टाकी गार झाली की गॅसवर साधारण अर्ध्या तासात परत तापते, विजेवर पाऊण ते एक तास, घाई असेल तर दोन्ही एकदम लावा, चालतं. फक्त ३० अँपिअरचं कनेक्शन असेल तर लक्ष ठेवा, एलिमेंट एकटं १२ अँपिअर खातं, त्यात एसी आणि आईंनी मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवलं की ब्रेकर पडलाच. अशा वेळी हीटर गॅसवर न्यावा. आणि आई-बाबांना एवढं सांगून ठेवा की हे पाणी घरच्या गीझरपेक्षा कढत येऊ शकतं, आधी गार नळ उघडा, मग गरम.

प्रश्न: गॅसवर लावलं की टकटक ठिणगी पडते, पेटतं, भुरभुर पिवळी ज्योत येते आणि विझतं. तीनदा प्रयत्न करून लाल दिवा लागतो. (अटलांटा, जॉर्जिया)

उत्तर: कोळी. प्रोपेनमध्ये वासासाठी जे रसायन मिसळतात त्याकडे कोळी ओढले जातात असं सगळे आरव्हीवाले सांगतात, कारण काही असो, बर्नरच्या नळीत जाळी सापडते हे खरं. जॉर्जियात तर कुंभारीण माशीही चिखलाची घरटी करते, धुराच्या तोंडात. ज्योत निळी हवी आणि घोंघावल्यासारखा आवाज हवा, पिवळी म्हणजे हवा कमी पडतेय. गॅस सिलिंडरवर बंद करा, हीटर गार होऊ द्या, बर्नरची नळी सोडवून बाटली धुवायच्या बारीक ब्रशने आतून साफ करा, धुराची जाळी झटका, हवेची झडप पाव उघडी ठेवा. ठिणगीची टोकं आणि बर्नर यात अष्टमांश इंच अंतर हवं. तरी पेटेना तर आधी स्वयंपाकाचा बर्नर पेटवून बघा, पाइपात हवा असेल तर निघून जाते, आणि बॅटरी उतरलेली नाही ना ते पण बघा, गॅसवर चालला तरी त्याचं सर्किट १२ व्होल्टवरच चालतं. बाहेरच्या तोंडावर बारीक जाळी लावायचा मोह होतो, पण काही कंपन्या हवा अडते म्हणून नको म्हणतात, तुमचं मॅन्युअल बघून ठरवा.

हे करताना गॅसचा वास आला तर ब्रश तिथंच टाका, सगळ्यांना बाहेर काढा, सिलिंडर बंद करा. प्रोपेन हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो, म्हणून तर त्याचा अलार्म खाली पायाशी बसवलेला असतो. पंखा लावून वास घालवू असं करू नका, खटक्याची ठिणगीसुद्धा पुरते.

प्रश्न: थंडीच्या तयारीत हीटरमध्येही गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं का? (मिसिसागा, ऑन्टारिओ)

उत्तर: नाही, फुकट ६ गॅलन जातं. टाकी रिकामी करा, बायपास फिरवा, मग पंपाने गुलाबी द्रव सगळ्या नळांतून काढा, गरम-गार दोन्ही, टॉयलेट आणि बाहेरचा शॉवर धरून. तळाशी थोडं पाणी राहतं, ते गोठलं तरी फुगायला जागा आहे. गाडीच्या इंजिनाचं हिरवं अँटिफ्रीझ यात कधीच नाही, ते विषारी, आरव्हीचं प्रॉपिलीन ग्लायकॉलवालंच घ्या. रॉड काढून पिशवीत घालून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवा, म्हणजे वसंतात पाणी भरायच्या आधी दिसेल, आणि त्याच पिशवीत चिठ्ठी घाला की बायपास फिरवायचा आहे. एडिसनच्या दादांचं वर वाचलंत ना.

प्रश्न: मी तुमचं सदर पुण्यातून वाचतो, भावाने अमेरिकेतून पाठवलं. आम्ही मित्र मिळून एका टेम्पो ट्रॅव्हलरचं कॅराव्हॅन करतोय, लडाखला जायचंय. बाथरूममध्ये नेहमीचा गॅस गीझर बसवायचा विचार आहे, घरगुती सिलिंडरवर. चालेल ना? (पुणे)

उत्तर: नाही चालणार, आणि हे मी सगळ्यात ठासून सांगतोय. अमेरिकेतल्या आरव्हीचा हीटर गॅसवर चालतो खरा, पण त्याचा बर्नर बाहेरच्या भिंतीत असतो, हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर टाकतो, राहायच्या जागेशी त्याचा संबंध सीलबंद तोडलेला. तुमचा गीझर हवा खोलीतली घेतो आणि धूरही खोलीतच सोडतो. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे गुदमरून माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर थंडीत येतात, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. गाडीतलं बाथरूम घरच्यापेक्षा कितीतरी लहान, आणि लडाखच्या थंडीत तुम्ही काचा बंद करूनच बसणार.

सिलिंडरचंही तेच. १४.२ किलोचा लाल सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठी आहे, गाडीत गीझरला जोडायचा नाही. शिवाय आपल्या एलपीजीत ब्युटेन असतं, ते शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच बंद करतं. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायू होतो, म्हणून इथल्या आरव्हीत प्रोपेन वापरतात.

मग करायचं काय? विजेचा १० लिटरचा साठवणीचा गीझर, २३० व्होल्टवर, मुक्कामाला प्लग मिळेल तिथं तापवायचा. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून कॅराव्हॅन पार्कची चर्चा आहे, पण लडाखच्या वाटेवर प्लगची खात्री नाही, तिथं हॉटेल-धाब्यावर विनवणी करूनच काम होतं. बॅटरीवर चालवू म्हणाल तर २ किलोवॅटला १२ व्होल्टवर १६५ अँपिअरच्या वर ओढावे लागतात, बॅटऱ्या अंघोळीआधीच संपतील. चालत्या गाडीत तापवायचं असेल तर बोटींवर वापरतात तसली टाकी बघा, तिच्या आतून इंजिनाच्या गरम कूलंटची नळी फिरवलेली असते, दिवसभर गाडी चालली की संध्याकाळी पाणी फुकट गरम, आणि त्यातच विजेचं एलिमेंटही येतं. बसवून घेताना सेफ्टी व्हॉल्व आहे का आणि त्याचं तोंड गाडीच्या खाली बाहेर काढलंय का ते स्वतः वाकून बघा. स्वयंपाकाला गॅस ठेवणारच असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि गॅस गळतीचा अलार्म, दोन्ही वेगवेगळे घ्या, पहिला झोपायच्या जागेजवळ, दुसरा जमिनीलगत.